कालव्याचे पाणी आणि शहरातील प्रतिष्ठा : मद्रासमधील तेलुगू भूस्वामी समाज



आजची सभा ज्या नुंगंबाक्कम भागात भरली आहे, तो एकेकाळी मद्रास शहराच्या वेशीबाहेरचा एक गाव होता. १७०८ साली मोगल सत्तेकडून ईस्ट इंडिया कंपनीला जी पाच गावे मिळाली, त्यांत नुंगंबाक्कमचा समावेश होता. पुढे येथे युरोपीय अधिकाऱ्यांचे बागबंगले उभे राहिले. विसाव्या शतकात शहर वाढत गेले तशी येथील विस्तीर्ण तळी बुजविण्यात आली आणि त्या जागी वसाहती झाल्या. १९७६ साली उभारलेले वळ्ळुवर कोट्टम हे स्मारक अशाच एका तळ्याच्या जागेवर आहे. पाण्याची आणि पिकाची जमीन घरबांधणीची जमीन कशी होते, याचे उदाहरण पाहण्यासाठी येथील श्रोत्यांना दूर जावयास नको.

या वस्तीच्या भोवती एक फेरी मारली तर आजच्या विषयाची रूपरेषा आपोआप डोळ्यांपुढे येते. दक्षिणेस त्यागराय नगर आहे. तेथील पानगल पार्क हे उद्यान मद्रास प्रांताचे एके काळचे मुख्यमंत्री, पानगलचे राजे रामरायणिंगार, यांच्या नावाने ओळखले जाते. त्याच त्यागराय नगरातील बझुल्ला रस्त्यावर नंदमूरी तारक रामाराव यांचे निवासस्थान होते. पश्चिमेस कोडंबाक्कमचा पूल ओलांडला की वडपळनी लागते. बी. नागी रेड्डी यांचा विजया-वाहिनी स्टुडिओ तेथे होता आणि एल. व्ही. प्रसाद यांचा स्टुडिओही त्याच परिसरात उभा राहिला. ईशान्येस ग्रीम्स रस्त्याच्या बाजूला, चित्तूर जिल्ह्यातील अरगोंडा गावाहून आलेल्या डॉ. प्रताप रेड्डी यांनी १९८३ साली अपोलो हे रुग्णालय सुरू केले. या साऱ्या व्यक्ती तेलुगू भाषिक होत्या आणि ज्यांचे सामाजिक स्थान परंपरेने जमिनीवर आधारलेले आहे अशा समाजांतून त्या आल्या होत्या. पानगलचे राजे वेलमा, रामाराव व प्रसाद कम्मा, तर नागी रेड्डी आणि प्रताप रेड्डी हे रेड्डी समाजाचे.

शेकडो किलोमीटर उत्तरेकडील भातखाचरांशी नाते असलेल्या या समाजांना तमिळ भाषिक शहरात एवढे स्थान कसे मिळाले? त्या स्थानापैकी टिकले किती आणि ओसरले किती? आणि या उत्कर्षाची किंमत कोणी मोजली? या तीन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. समाजातील मान आणि सार्वजनिक जीवनातील प्रभाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जमीन मान देते, परंतु तो मान गावाच्या शिवेपर्यंतच चालतो. शिवेपलीकडे प्रभाव पाडावयाचा असेल तर जमिनीच्या उत्पन्नाचे शाळा, वृत्तपत्र, कारखाना, पक्ष अशा एखाद्या संस्थेत रूपांतर व्हावे लागते. तेलुगू भूस्वामींचा गेल्या शतकाचा इतिहास हा या रूपांतराचा इतिहास आहे, आणि त्यातील महत्त्वाचा भाग मद्रास शहरात घडला.

भूस्वामी हा शब्दही येथे एकाच अर्थाने घेता येत नाही. तेलुगू मुलखात दोन तऱ्हेचे भूस्वामी होते. १८०२ च्या कायमधाऱ्याने ज्यांचे हक्क पक्के झाले ते बोब्बिली, वेंकटगिरी, पीठापुरम यांसारखे जमीनदार ही पहिली तऱ्हा. यांतील ही तिन्ही मोठी घराणी वेलमा होती. दुसरी तऱ्हा रयतवारीतील शेतकऱ्यांची. सरकारला थेट सारा भरणारे, स्वतः देखरेख करून शेती पिकविणारे कम्मा आणि रेड्डी कुणबी या वर्गात येत. तेलुगूत त्यांना 'रैतु' म्हणतात, आणि हा शब्द म्हणजे मराठीतील 'रयत'च होय. जमीनदाराला वारशाने मान होता. रयतेला तो कमवावयाचा होता.

जमीनदारांच्या दृष्टीने मद्रास ही राजधानी होती. हायकोर्टातील वारसाहक्काचे दावे, गव्हर्नरचा दरबार आणि विधिमंडळ ही सारी येथेच होती. १९१६ साली ब्राह्मणेतरांची जस्टिस पार्टी स्थापन झाली, तेव्हा तिला पैसा आणि प्रतिष्ठा पुरविणाऱ्यांत तेलुगू जमीनदारांचा वाटा मोठा होता. १९२० च्या निवडणुकीनंतर बनलेल्या पहिल्या मंत्रिमंडळात ए. सुब्बरायलु रेड्डियार, पानगलचे राजे आणि के. वेंकट रेड्डी नायडू असे तीन मंत्री होते, आणि तिघेही तेलुगू वंशाचे होते. या गोष्टीची सल तमिळ ब्राह्मणेतरांच्या मनात दीर्घकाळ राहिली.

पानगलचे राजे १९२१ ते १९२६ या काळात मुख्यमंत्री होते. सरकारी नोकऱ्यांत निरनिराळ्या जातिधर्मांना वाटा देण्याविषयीचा पहिला आदेश १९२१ साली निघाला. देवस्थानांच्या कारभारावर देखरेख आणणारा कायदा याच राजवटीत आला. आंध्र विद्यापीठाची स्थापना १९२६ साली झाली आणि त्याचे पहिले कुलगुरू म्हणून कट्टमंचि रामलिंग रेड्डी नेमले गेले. मराठी वाचकांना येथे कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या १९०२ च्या आदेशाची आठवण व्हावी, हे स्वाभाविक आहे. दोन्ही ठिकाणी वारशाने सत्ता लाभलेल्या पुरुषांनी ती सत्ता शिक्षण आणि नोकऱ्यांचे दरवाजे उघडण्यासाठी वापरली. मात्र कोल्हापूरचा राजा स्वतःच्या संस्थानात हुकूम काढू शकत होता. पानगलच्या राजांना मतदारांवर आणि विधिमंडळातील बहुमतावर अवलंबून राहावे लागत होते.

हे अवलंबित्वच पुढे जमीनदारांना भोवले. १९३० साली मुख्यमंत्री झालेले बी. मुनुस्वामी नायडू हे कम्मा समाजातील, चित्तूर भागातील वकील होते. जमीनदारांच्या गटाशी त्यांचे पटले नाही. १९३२ साली त्यांना जावे लागले आणि बोब्बिलीच्या राजांकडे सूत्रे आली. एकाच पक्षात, एकाच भाषेच्या दोन भूस्वामी वर्गांतील हा झगडा होता. जमीनदारांचा विजय अल्पायुषी ठरला. १९३७ च्या निवडणुकीत खुद्द बोब्बिली मतदारसंघात राजेसाहेबांचा पराभव व्ही. व्ही. गिरी यांनी केला. हेच गिरी पुढे भारताचे राष्ट्रपती झाले. १९४८ च्या कायद्याने मद्रास प्रांतातील जमीनदारी संपुष्टात आली, आणि केवळ वारशावर उभा असलेला मान तिच्याबरोबरच गेला.

आता रयतेकडे वळू. कृष्णा आणि गोदावरी यांच्या त्रिभुज प्रदेशाची आजची समृद्धी पाहणाऱ्यास १८३२-३३ च्या गुंटूरच्या दुष्काळाची कल्पना येणे कठीण आहे. त्या दुष्काळाने गावेच्या गावे ओसाड झाली. त्यानंतर सर आर्थर कॉटन यांच्या प्रयत्नांमुळे गोदावरीवर धवळेश्वरम येथील बंधारा १८५२ साली, तर कृष्णेवर बेझवाडा येथील बंधारा १८५५ साली पुरा झाला. कालव्यांचे जाळे पसरले. कोरडवाहू जमीन भाताची झाली आणि तिची किंमत वाढली. बकिंगहॅम कालव्यातून तांदळाची गलबते मद्रासपर्यंत येऊ लागली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वेही आली. शेतकऱ्याच्या हाती खर्च भागून पैसा उरू लागला. त्याने आधी शेजाऱ्याला कर्ज दिले, मग भाताची गिरणी घातली, मग गुंटूरकडे व्हर्जिनिया तंबाखूचा व्यापार केला आणि अखेरीस मुलाला शहरातील महाविद्यालयात पाठविले.

या पैशाच्या वाटचालीत एका रूढीचा उल्लेख आवश्यक आहे. किनारी आंध्रातील या समाजांत मुलीला लग्नात जमीन देण्याची पद्धत आहे. तिला 'पसुपु-कुंकुम' म्हणजे हळदकुंकू असे म्हणतात. या जमिनीचे उत्पन्न अथवा विक्रीची रक्कम जावयाच्या उच्च शिक्षणात किंवा धंद्यात गुंतविली जाई. कागदावर जमीन स्त्रीची असे, परंतु तिच्या विनियोगाचा निर्णय क्वचितच तिच्या हाती असे. या समाजांच्या उत्कर्षाची कथा सहसा पुरुषांच्या नावांनी सांगितली जाते. तिच्या भांडवलाचा एक हिस्सा मात्र हळदकुंकवाच्या जमिनीतून आलेला आहे.

पैसा आला तरी मान आपोआप आला नाही. वर्णव्यवस्थेच्या उतरंडीत कम्मा शेतकऱ्यास शूद्र मानले जात होते. त्याविरुद्ध सर्वांत प्रखर आवाज त्रिपुरनेनी रामस्वामी चौधरी यांचा होता. १८८७ मध्ये जन्मलेले हे बॅरिस्टर तेनालीचे नगराध्यक्ष होते. त्यांनी पुराणांची परखड चिकित्सा केली आणि संस्कृत मंत्रांऐवजी तेलुगूत विवाहविधी रचला. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विवाहपद्धतीशी परिचित असलेल्या मराठी वाचकास या प्रयत्नाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. दुसरा आवाज निडुब्रोलू गावचे एन. जी. रंगा यांचा. ऑक्सफर्डमध्ये शिकून आलेल्या रंगांनी मद्रासच्या पच्चैयप्पा महाविद्यालयात अध्यापन केले, गावी परतून शेतकऱ्यांसाठी विद्यालय चालविले आणि १९३६ साली लखनौला स्थापन झालेल्या अखिल भारतीय किसान सभेच्या आरंभीच्या नेत्यांत स्थान मिळविले. १९५९ साली मद्रासमध्ये राजाजींच्या पुढाकाराने स्वतंत्र पक्ष जन्मास आला, तेव्हा त्याचे अध्यक्षपद रंगांकडे गेले. जमीनदारांविरुद्ध लढलेला हा नेता सामुदायिक शेतीच्या प्रश्नावर नेहरूंच्या विरोधात उभा राहिला. या दोन भूमिकांत विसंगती भासते. परंतु जमीन कसणाऱ्याची असावी आणि ती त्याचीच राहावी, ही रयतवारी शेतकऱ्याची धारणा लक्षात घेतली तर ती विसंगती उरत नाही. त्याच समाजातून चंद्र राजेश्वर राव आणि माकिनेनी बसवपुन्नय्या यांच्यासारखे कम्युनिस्ट नेतेही निघाले, हे येथेच नमूद केले पाहिजे. रेड्डी समाजात जन्मलेल्या पुच्चलपल्ली सुंदरय्या यांनी तर आपल्या नावातील जातिवाचक 'रेड्डी' काढून टाकले.

श्रोतेहो, या समाजांच्या मद्रासमधील कार्याचा सर्वांत दृश्य भाग म्हणजे चित्रपट. तो विषय करमणुकीचा म्हणून बाजूस सारण्यासारखा नाही. भाताच्या आणि गिरण्यांच्या पैशाला शहरात वाव देणारा धंदा म्हणून त्याकडे पाहावयास हवे. १९३८ साली गूडवल्ली रामब्रह्मम यांनी सारथी फिल्म्सतर्फे 'मालपिल्ल' हा अस्पृश्यतेच्या प्रश्नावरील चित्रपट काढला. पुढील वर्षी त्यांनी 'रैतुबिड्ड' म्हणजे 'शेतकऱ्याचे पोर' हा जमीनदारी जुलमाविरुद्धचा चित्रपट काढला. त्याला जमीनदारांनी कसून विरोध केला. नवल असे की, या निर्मितीमागील आर्थिक पाठबळ चल्लपल्लीच्या कम्मा जमीनदारांचे होते. एक जमीनदार जमीनदारीविरोधी चित्रपटास पैसा पुरवितो, याचे कारण त्या काळच्या भावनेत शोधता येते. वेलमा राजांच्या जुन्या वैभवाशी स्पर्धा करू पाहणाऱ्या नव्या वर्गास रयतेच्या बाजूने उभे राहणे हेच प्रतिष्ठेचे साधन वाटू लागले होते.

पुढील पिढीने या धंद्याला स्थैर्य दिले. पश्चिम गोदावरी जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातून घर सोडून मुंबईस गेलेले एल. व्ही. प्रसाद यांनी १९३१ च्या 'आलम आरा'त लहानसे काम केले होते. मद्रासला परतून त्यांनी दिग्दर्शन केले, आणि १९४९ च्या 'मनदेशम' चित्रपटात रामारावांना प्रथम पडद्यावर आणले. पुढे त्यांनी स्टुडिओ आणि रसायनशाळा उभारली. तेथे तेलुगूच नव्हे, तर तमिळ, हिंदी अशा अनेक भाषांच्या चित्रपटांचे काम होई. कांद्याचा निर्यातव्यापार करणाऱ्या कडप्पा जिल्ह्यातील घराण्याचे बी. नागी रेड्डी यांनी चक्रपाणी यांच्या साहाय्याने 'पाताळभैरवी' आणि 'मायाबाजार' हे चित्रपट निर्माण केले. त्याच जोडीने १९४७ साली 'चंदमामा' हे मुलांचे मासिक काढले. महाराष्ट्रातील दोन पिढ्या ज्या 'चांदोबा'वर वाढल्या, तो याच मासिकाचा मराठी अवतार. वडपळनी, मद्रास हा पत्ता मराठी मुलांना पाठ असे. त्या पत्त्यामागे रायलसीमेतील एक शेतकरी-व्यापारी घराणे आहे, याची जाणीव मात्र थोड्यांनाच असेल.

रामारावांच्या बझुल्ला रस्त्यावरील घरासमोर तिरुपतीची यात्रा आटोपून आलेल्या आंध्रातील यात्रेकरूंच्या बसगाड्या उभ्या राहत. पडद्यावर राम आणि कृष्ण साकारणाऱ्या नटाचे दर्शन घेऊनच लोक गावी परतत. पिढीजात जमिनीमुळे मिळणाऱ्या मानापेक्षा हा मान सर्वस्वी वेगळा होता. तो जातीच्या आणि जिल्ह्याच्या मर्यादा ओलांडून गेला होता.

तथापि मद्रासमध्ये हा समाज पाहुणाच राहिला. १९३७ साली याच शहरात, मैलापूर येथील 'श्रीबाग' या घरी, किनारी आंध्र आणि रायलसीमा यांच्या पुढाऱ्यांत करार झाला. त्रिभुज प्रदेशातील श्रीमंतांचे वर्चस्व आपल्यावर येईल, ही रायलसीमेची भीती दूर करण्याचा तो प्रयत्न होता. १९५३ च्या नागपूर कराराशी त्याचे साम्य सहज लक्षात येईल. पोट्टी श्रीरामुलु यांनी १५ डिसेंबर १९५२ रोजी मद्रासमध्येच प्राणांतिक उपोषणात देह ठेवला आणि १ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य झाले. 'मद्रास मनदे', म्हणजे मद्रास आमचे, ही घोषणा मात्र फलद्रूप झाली नाही. राजधानी कर्नूलला गेली. महाराष्ट्राला १९६० साली मुंबई मिळाली. आंध्रास मद्रास मिळाले नाही. संपत्ती, प्रतिष्ठा आणि स्टुडिओ असूनही शहरात संख्याबळ नव्हते, आणि लोकशाहीत अखेर संख्याच बोलते.

येथे कोइंबतूरचे उदाहरण उद्बोधक आहे. विजयनगर आणि नायक राजवटींच्या काळापासून तमिळ मुलखात तेलुगू घराण्यांची वस्ती होत गेली. तेथील कम्मा नायडू शेतकऱ्यांनी कापूस पिकविला, १९१० साली लक्ष्मी मिल्ससारख्या गिरण्या काढल्या आणि पी.एस.जी. घराण्याने १९२६ साली धर्मादाय संस्था स्थापिली. चौघा भावांनी संपत्तीचे पाच भाग करून पाचवा भाग लोकोपयोगी कामास दिला, असे त्या संस्थेविषयी सांगतात. हे लोक घरी तेलुगू बोलत आणि बाहेर तमिळ. राज्याची फाळणी झाली तेव्हा त्यांच्यापुढे परतण्याचा प्रश्नच नव्हता. मद्रासमधील चित्रपटव्यवसायाने मात्र परतीची वाट धरली. आंध्र प्रदेश शासनाच्या सवलतींमुळे तो क्रमाक्रमाने हैदराबादेस गेला. अक्किनेनी नागेश्वरराव आणि रामाराव यांचे स्टुडिओ १९७० नंतरच्या दशकात तेथे उभे राहिले. १९७४ साली रामोजी राव यांनी विशाखापट्टणम येथून 'ईनाडु' हे दैनिक सुरू केले. २९ मार्च १९८२ रोजी रामारावांनी तेलुगू देशम पक्ष काढला आणि जानेवारी १९८३ मध्ये ते आंध्र प्रदेशाचे मुख्यमंत्री झाले. तोवर रेड्डी समाजाचे वर्चस्व असलेल्या त्या पदावर आलेले ते पहिले कम्मा गृहस्थ होत. बंधारा, गिरणी, स्टुडिओ, वृत्तपत्र आणि पक्ष अशी ही सव्वाशे वर्षांची साखळी येथे पूर्ण झाली.

आणि याच टप्प्यावर तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. १७ जुलै १९८५ रोजी प्रकाशम जिल्ह्यातील कारमचेडू गावी कम्मा भूस्वामींच्या जमावाने दलित वस्तीवर हल्ला केला. मादिगा समाजाच्या सहा माणसांची हत्या झाली आणि स्त्रियांवर अत्याचार झाले. तंट्याचे निमित्त पिण्याच्या पाण्याचे तळे होते. दलितांच्या पाण्यात गुरे धुण्यास एका स्त्रीने हरकत घेतली होती. वाचलेल्या कुटुंबांनी गाव सोडून चिराला येथे आश्रय घेतला. त्यातून कत्ती पद्माराव आणि बोज्जा तारकम यांच्या नेतृत्वाखाली दलित महासभा उभी राहिली. १९९१ साली गुंटूर जिल्ह्यातील चुंडूर येथे अशीच घटना घडली आणि तेथील हल्लेखोरांत रेड्डी भूस्वामी प्रमुख होते. महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या घटनेत पाण्याचे निमित्त असणे योगायोगाचे वाटणार नाही. ज्या पाण्याने एका समाजाला समृद्धी दिली, ते कालव्यातून शेतापर्यंत आणण्यासाठी, चिखलात रोप लावण्यासाठी आणि पीक कापण्यासाठी ज्यांचे हात लागले, त्यांच्या वाट्याला जमीन आली नव्हती. ब्राह्मणी श्रेष्ठत्वाविरुद्ध रामस्वामी चौधरींनी मांडलेला युक्तिवाद खालच्या दिशेने लागू करण्यास त्यांच्या समाजातील अनेकजण तयार नव्हते.

महाराष्ट्रातील वाचकाने हा इतिहास परका समजून वाचू नये. भंडारदरा धरणाचे पाणी प्रवरेच्या खोऱ्यात आले, लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना निघाला आणि कारखान्यामागोमाग शाळा, महाविद्यालये, रुग्णालये व विधानसभेतील जागा आल्या. पाणी, ऊस, संस्था, सत्ता हा क्रम तेलुगू मुलखातील क्रमाशी जुळतो. फरक असा की महाराष्ट्रात हे रूपांतर बव्हंशी सहकाराच्या चौकटीत झाले, तर तेलुगू भूस्वामींनी ते मुख्यतः कुटुंबाच्या खासगी भांडवलातून केले. सहकारात सभासदाला निदान मताचा हक्क असतो, खासगी उद्योगात तोही नसतो. परंतु दोन्ही ठिकाणी ज्याच्या नावावर जमीन नाही, तो बाहेरच राहिला. ऊसतोड कामगार कारखान्याचा सभासद नसतो आणि भातलावणी करणारी मजूर स्त्री स्टुडिओची भागीदार नसते.

तात्पर्य, तेलुगू भूस्वामी समाजांच्या प्रभावाकडे केवळ जातीच्या गुणाचा अथवा दोषाचा परिणाम म्हणून पाहणे योग्य होणार नाही. बंधारे सरकारने बांधले, बाजार शहराने दिला, शिक्षण सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या संस्थांनी दिले. या संधी ओळखून त्यांचे संस्थांत रूपांतर करण्याची धडाडी निश्चितच त्या समाजांची होती आणि तिचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. वारशावर विसंबलेले जमीनदार लोप पावले, संस्था उभारणारे टिकले. हा धडा त्यांच्या इतिहासातून मिळतो. परंतु ज्या संस्थेची दारे शेतावरच्या मजुराच्या मुलांना उघडी नाहीत, ती संस्थाही कालांतराने नव्या प्रकारची जमीनदारीच ठरते. वडपळनीच्या स्टुडिओंपासून प्रवरेच्या कारखान्यांपर्यंत सर्वांना ही कसोटी लावून पाहणे, हे आजच्या अभ्यासकाचे आणि नागरिकाचे काम आहे.